ढगाला अस्तर

मिरग लागून चार-आठ दिवस झाले की परभणी जिल्ह्यातल्या पालमच्या बाजारात माणसं बोलता बोलता वर बघायला लागतात. कृषी सेवा केंद्राच्या पायरीवर सोयाबीनच्या पिशव्यांची थप्पी लागलेली असते. कुणी पिशवी उचललेली असते, कुणी नुसता भाव विचारून घुटमळत असतो. दुपारी तीन-साडेतीनच्या सुमाराला लोह्याच्या अंगानं आभाळ चढायला लागतं. ऊन मावळतं, वारा पडतो, आणि कुणीतरी म्हणतं, "बघा, कसलं काळंभोर आलंय!" त्या आवाजात भीती नसते, सुटका असते. अर्ध्या बाजाराचा चेहरा उजळतो.

त्याच दिवशीच्या वर्तमानपत्रात मात्र 'संकटाचे काळे ढग' असा मथळा असतो आणि खाली कुठल्याशा बातमीत लिहिलेलं असतं की या काळ्या ढगाला एक रुपेरी किनारही आहे. हा शब्दप्रयोग इतका रुळलाय की तो परका वाटतच नाही. पण तो आला आहे इंग्रजीतून. प्रत्येक ढगाला चंदेरी अस्तर असतं, अशी ती मूळ म्हण. अर्थ असा की कितीही वाईट वेळ आली तरी तिच्यात काहीतरी चांगलं दडलेलं असतं. धीर धरा, सगळं नीट होईल. आमच्याकडे ढग हीच आनंदाची बातमी. मग ढगाकडे संकट म्हणून बघणारी ही म्हण इथल्या मातीत काय सांगते? मला वाटतं, पुष्कळ सांगते. फक्त तिचा मूळ शब्द नीट उलगडून पाहायला हवा.

अस्तराची किनार झाली

या म्हणीचं मूळ इंग्रज कवी जॉन मिल्टन याच्या 'कोमस' या काव्यनाट्यात आहे. २९ सप्टेंबर १६३४ रोजी, वेल्सच्या सीमेजवळच्या लडलो इथल्या किल्ल्यात त्याचा पहिला प्रयोग झाला. मिल्टन तेव्हा पंचविशीत होता. नाटकातली तरुण मुलगी रात्रीच्या रानात वाट चुकते, तिचे दोघे भाऊ दुरावतात. अंधारात ती वर बघते, तर एका काळ्या ढगानं आपलं चंदेरी अस्तर रात्रीकडे वळवल्यासारखं तिला दिसतं.

इथं दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पहिली, हा प्रसंग रात्रीचा आहे. ढगाची ती चमक चांदण्याची. दुसरी, ती मुलगी ठामपणे काहीच सांगत नाही. आपल्याला भास तर झाला नाही ना, असं ती स्वतःलाच विचारते. पुढच्या काळात मिल्टनचा तो ढग लेखकांच्या हाती लागला आणि एकोणिसाव्या शतकात त्याची म्हण झाली. म्हण होताना त्या मुलीची शंका गळून पडली आणि 'प्रत्येक' हा शब्द येऊन बसला. १९१४ साली पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा आयव्हर नॉव्हेलोनं चाल दिलेलं 'कीप द होम फायर्स बर्निंग' हे गाणं ब्रिटनमध्ये घरोघरी पोचलं. त्यातही हेच चंदेरी अस्तर होतं. एका वाट चुकलेल्या मुलीचा प्रश्न तीनशे वर्षांत लाखो लोकांचा दिलासा झाला.

मराठीत येताना आणखी एक बदल झाला. मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ किनार नाही, अस्तर आहे: कोटाच्या किंवा झग्याच्या आत शिंपी जो मऊ कपडा लावतो तो. झगा उलटा केल्याशिवाय अस्तर दिसत नाही. मिल्टनचा ढग झग्यासारखी आपली आतली बाजू उलटून दाखवतो. मराठीत मात्र त्याची किनार झाली. लुगड्याचा काठ, धोतराची किनार, शालूची जर बघत वाढलेल्या भाषेला कडेनं चमकणारा ढग दिसला की किनारच आठवणार. भाषांतर म्हणून हे चुकलं असेल, पण आकाशाकडे बघणाऱ्याच्या दृष्टीनं मराठी शब्द जास्त अचूक निघाला.

किनार का चमकते

ढग म्हणजे पाण्याची वाफ नव्हे. वाफ डोळ्यांना दिसत नाही. ती थंड होऊन धुळीच्या, मिठाच्या बारीक कणांवर साठते आणि सूक्ष्म थेंब तयार होतात. असे असंख्य थेंब एकत्र तरंगतात तेव्हा आपल्याला ढग दिसतो. त्यातला एकेक थेंब मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा किंवा त्याहूनही लहान, म्हणजे माणसाच्या केसापेक्षा बारीक असतो.

अशा थेंबावर पडलेला उजेड सगळ्या दिशांना सारखा पसरत नाही. त्यातला बहुतेक भाग थोडासा वळून पुढच्याच दिशेनं जातो. सूर्य ढगामागे असला की ढगाच्या कडेला थर पातळ असतो, थेंब विरळ असतात. तिथून जाणारा उजेड एखाद-दुसऱ्या थेंबाला भेटून थेट आपल्या डोळ्यांपर्यंत पोचतो आणि कड लखलखते. मध्यभागी ढग जाड असतो. तिथं उजेड एका थेंबावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर असा आपटत राहतो आणि त्यातला मोठा भाग वरच्या वर आकाशात परत जातो. खाली फार थोडा उतरतो, म्हणून ढगाचं पोट काळं दिसतं. तोच ढग विमानातून बघितला तर पिंजलेल्या कापसासारखा पांढराशुभ्र असतो. काळेपणा ढगाच्या रंगात नाही, आपण त्याच्या सावलीत उभे आहोत म्हणून तो दिसतो.

यातून एक साधी गोष्ट निघते. ढग जितका जाड, तितकं त्याचं पोट काळं. आणि जाड ढगातच पाऊस तयार व्हायला वाव असतो. दोन मिलिमीटरचा पावसाचा एक टपोरा थेंब व्हायला ढगातले सुमारे दहा लाख सूक्ष्म थेंब एकत्र यावे लागतात. त्यासाठी थेंबांना एकमेकांवर आदळायला वेळ हवा, उंची हवी, ओलावा हवा. पातळ ढगाजवळ यातलं फारसं काही नसतं. म्हणजे चमकते ती पातळ कड, आणि पाणी असतं ते काळ्या पोटात. पालमच्या बाजारातला माणूस किनारीकडे न बघता काळ्या पोटाकडे बघून खुश होतो, तेव्हा तो शास्त्राला धरूनच वागत असतो.

लोह्याच्या अंगाचं आभाळ

आमच्या बोलीत ढगाला ढग क्वचितच म्हणतात. 'आभाळ आलंय' म्हणतात. हे आभाळ कुठून आलं त्यावर बरंच ठरतं. अरबी समुद्रावरून येणारा पावसाळी वारा सह्याद्रीवर चढतो, कोकणात आणि घाटमाथ्यावर पाणी सांडतो आणि पलीकडे उतरताना कोरडा होत जातो. या पर्जन्यछायेची सर्वांत जास्त झळ नगर, सोलापूर, बीडकडच्या पट्ट्याला बसते. परभणी जिल्हा त्याच्या पूर्वेला असल्यामुळे थोडा सावरतो. गंगाखेड ओलांडून गोदावरी पालम तालुक्यात येते तोवर नदीही रुंदावलेली असते आणि आभाळाची दिशाही बदललेली असते. इथला दमदार पाऊस पुष्कळदा बंगालच्या उपसागरात तयार झालेल्या कमी दाबाच्या क्षेत्रांमुळे होतो. ओडिशा, छत्तीसगड, विदर्भ असा प्रवास करत ती पश्चिमेकडे सरकतात. म्हणून पूर्वेकडून, म्हणजे लोह्याच्या अंगानं, चढलेल्या आभाळावर जुन्या माणसांचा जास्त भरवसा.

उलट, जुलै-ऑगस्टमध्ये पावसाचा खंड पडला की पश्चिमेच्या वाऱ्यावर ढग दिवसभर पळत असतात. ठेंगणे, विरळ, कडेनं चकाकणारे. सावली धावत येते आणि निघून जाते, पण थेंब पडत नाही. पीक माना टाकायला लागतं. अशा ढगांना शेतकरी 'वांझोटे ढग' म्हणतात. रुपेरी किनार सर्वांत जास्त दिसते ती याच ढगांना, आणि पालमच्या माणसाला सर्वांत जास्त धास्ती वाटते तीही यांचीच. मघा नक्षत्राचा पाऊस पडला तर बरं, 'नाहीतर ढगाकडे बघा', ही आपल्याकडची म्हण याच दिवसांतली. तिच्यात ढगाकडे बघणं म्हणजे हाती काही न लागणं.

अशा ढगांतून पाऊस पाडण्याचे प्रयत्नही झाले. २०१५ आणि २०१९ साली औरंगाबादहून विमानं उडवून मराठवाड्यात कृत्रिम पावसाचा प्रयोग केला गेला. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं सोलापूर परिसरात ढगांवर दीर्घ अभ्यास केला. या साऱ्या खटाटोपातून एक गोष्ट पक्की कळते: ढगात आधीच पुरेसं पाणी असेल तरच त्याला थोडं पुढं ढकलता येतं. कोरड्या ढगातून पाऊस काढता येत नाही.

एकाच पाखराचे चार अर्थ

मग इथली आशा कशाच्या आधारावर उभी असते? त्याचं उत्तर मला एका पाखराच्या हाकेत सापडतं. पावशा हा कोकिळेच्या कुळातला पक्षी, कबुतराएवढा, दिसायला शिक्रा ससाण्यासारखा. मादी आपली अंडी सातभाईच्या घरट्यात घालते. उन्हाळ्याच्या शेवटी, पावसाच्या तोंडावर, त्याची तीन सुरांची हाक चढत चढत जाते, तुटते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. रात्रीसुद्धा.

भारतात आलेल्या इंग्रजांना त्या हाकेत 'ब्रेन फीव्हर' ऐकू आलं, म्हणजे मेंदूचा ताप. उन्हाळ्यानं कासावीस झालेल्या परक्या माणसाला तसंच ऐकू येणार. हिंदीत तोच पक्षी 'पी कहाँ' म्हणतो, प्रियकर कुठे आहे असं विचारतो. बंगालीत तो 'चोख गेलो' म्हणतो, डोळे गेले असं रडतो. मराठी शेतकऱ्याला मात्र तो सांगतो, 'पेरते व्हा'.

पाखरू तेच, सूर तोच. बाकीच्यांना त्यात ताप, विरह, वेदना ऐकू आली. आपल्या माणसानं त्यात काम ऐकलं. पावशा पाऊस नक्की येईल असं सांगत नाही. सगळं नीट होईल असंही म्हणत नाही. तो म्हणतो, तुम्ही पेरते व्हा. या भूमीतला दिलासा असा आज्ञार्थी आहे.

शंभर दाणे आणि वीतभर ओल

पण पावशाचं ऐकून कुणी लगेच तिफण जुंपत नाही. आमच्या घरी मे महिन्याच्या शेवटी एक काम ठरलेलं असायचं. आबा घरचं सोयाबीन काढायचे आणि त्यातले शंभर दाणे मोजायचे. निवडून चांगले नव्हेत, हाताला येतील तसे. गोणपाटाचा तुकडा भिजवून जमिनीवर पसरायचा, त्यावर दहा-दहाच्या दहा ओळींत दाणे मांडायचे, वर दुसरा ओला गोणपाट टाकायचा आणि सगळ्याची चटईसारखी हलकी गुंडाळी करून सावलीत ठेवायची. रोज पाण्याचा हबका मारायचा. चार-पाच दिवसांनी गुंडाळी उलगडायची, तेव्हा आम्ही पोरं भोवती जमायचो. ओल्या तागाचा वास यायचा आणि ओळीओळींत पांढरे कोंब वाकून आलेले असायचे. आबा बोटानं मोजायचे. सत्तर किंवा त्याहून जास्त असले की नेहमीच्या मापानं पेरायचं. साठ-पासष्ट असले तर एकरी बियाणं वाढवायचं. फारच कमी निघाले तर ते बी पेरणीतून बाद.

हीच उगवणक्षमतेची चाचणी आजही कृषी विभागाचे कर्मचारी गावोगावी करून दाखवतात. सोयाबीनच्या दाण्याचं साल पातळ असतं, पोतं आपटलं तरी कोंब दुखावतो, म्हणून ती गरजेची. सोयाबीनमध्ये स्वपरागीभवन होत असल्यामुळे घरचं चांगलं बियाणं दोन-तीन वर्षं वापरता येतं, म्हणून ती फायद्याची. पण लहानपणी मला त्यात आणखी काहीतरी दिसायचं. आशा मोजता येते, हे मी त्या गोणपाटावर शिकलो. 'उगवेल' म्हणायच्या आधी शंभरात किती उगवतं हे बघायचं.

दुसरं माप जमिनीचं. आमची जमीन काळी, बेसाल्ट खडकाची माती होऊन बनलेली. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पाऊस झाला की ती फुगते आणि भेगा बुजतात. पहिल्या सरीनं वरची माती ओली होते, खाली मात्र कोरडच असते. त्या फसव्या ओलीवर पेरलं तर दाणा फुगतो, कोंब काढतो आणि वाळून जातो. म्हणून ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं परभणीचं कृषी विद्यापीठ दरवर्षी सांगतं. शेतकऱ्याची पद्धत त्याहून जुनी: खुरप्यानं उकरायचं, वीतभर ओल गेलीय का ते बघायचं आणि माती मुठीत दाबायची. मुटका झाला आणि तो फुटला नाही, तर वापसा आल्यावर पेरणी.

तिसरी तयारी तुरीची. सोयाबीनच्या चार ओळींमागे तुरीच्या दोन, अशी आंतरपिकाची शिफारस आहे. सोयाबीन शंभर दिवसांच्या आसपास निघतं, तूर पाच-साडेपाच महिने उभी राहते. मधल्या खंडात सोयाबीन करपलं तरी खोल मुळांची तूर खालची ओल शोधते आणि परतीच्या पावसावर सावरते. वर्ष चांगलं गेलं तर दोन्ही पिकं हाती येतात, वाईट गेलं तर निदान डाळ घरात येते.

शंभर दाणे, वीतभर ओल आणि तुरीच्या दोन ओळी यांना मी ढगाचं अस्तर म्हणतो. मिल्टनच्या शब्दाचं खरं मोल मला इथं कळतं. किनार नुसती दिसते. अस्तर कुणीतरी लावावं लागतं, सुई-दोरा घेऊन, थंडी यायच्या आधी.

दुष्काळाचं अस्तर

व्यापक पातळीवरही हेच दिसतं. १९७२चा दुष्काळ मराठवाड्यातल्या जुन्या पिढीच्या अंगावर कोरलेला आहे. खडी फोडणारे हात, सुकडीची पाकिटं, ओस पडलेले गोठे. त्याच वर्षी दोन गोष्टी उभ्या राहिल्या. १८ मे १९७२ रोजी परभणीत मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झालं. आज ते वसंतराव नाईकांच्या नावानं ओळखलं जातं. आणि राज्यभर रोजगार हमी योजना सुरू झाली. वि. स. पागे यांनी तिचा विचार आधीपासून मांडला होता आणि तासगाव तालुक्यातल्या विसापूर परिसरात तो करूनही पाहिला होता. पुढं १९७७ साली महाराष्ट्रानं तिचा कायदा केला. मागेल त्याला काम, हा हक्क झाला. २००५ साली संसदेनं देशासाठी केलेल्या रोजगार हमी कायद्यानं हाच धागा उचलला.

दुष्काळातूनही चांगलं निघालं, असं यावर सहज म्हणता येईल. पण ते दुष्काळातून निघालं नाही. कोरड्या आभाळात काही दडलेलं नव्हतं. ज्यांनी आधी विचार करून ठेवला होता, ज्यांनी मोर्चे काढले, ज्यांनी कायदा लिहिला, त्या माणसांनी ते अस्तर शिवलं.

'प्रत्येक' या शब्दाचं ओझं

म्हणूनच 'प्रत्येक' हा शब्द मला खटकतो. काळं आभाळ जूनमध्ये वरदान असतं. सप्टेंबरअखेरीला सोयाबीन काढणीला आलं की तेच आभाळ काळजाचा ठोका चुकवतं. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला की सरकारी दप्तरात त्याची अतिवृष्टी म्हणून नोंद होते. सप्टेंबर २०२४च्या आरंभी परभणी, हिंगोली, नांदेडमध्ये आणि सप्टेंबर २०२५ मध्ये जवळपास सगळ्या मराठवाड्यात जे झालं, त्यात उभी पिकं पाण्यात गेली, कुठं जमीनच खरवडून गेली. झाडावरच्या शेंगेत दाण्याला कोंब फुटले. मे महिन्यात गोणपाटावर ज्या कोंबांची वाट बघायची, तेच कोंब तेव्हा नुकसानीचे असतात. ज्याची माती वाहून गेली, त्याला यातही काही चांगलं असेल असं सांगायचं नसतं. त्याच्या बांधावर जायचं असतं, पंचनामा वेळेत होईल हे बघायचं असतं, पुढच्या हंगामाच्या बियाण्याची सोय करायची असते. कर्जानं आणि नापिकीनं खचून या मातीत किती माणसं गेली, हे ज्यांनी जवळून पाहिलंय, त्यांना कोरड्या दिलाशाचं ओझं किती असतं ते कळतं.

आमच्या बोलीत एक रूप आहे, ते पुण्या-मुंबईकडे ऐकू येत नाही. तिकडे 'करू', 'बघू', 'जाऊ' म्हणतात. आम्ही 'करूत', 'बघूत', 'जाऊत' म्हणतो. शेवटच्या त्या 'त'मध्ये मला नेहमी समोरच्याचा हात धरल्यासारखं वाटतं. पहिली पेरणी वाया गेली की पालमच्या वाड्या-वस्त्यांवर संध्याकाळी ओट्यावर माणसं बसतात. बराच वेळ कुणी बोलत नाही. मग एखादा म्हणतो, "माझ्याकडं अर्धी बॅग हाय. घिऊन जा. ओल हाय तवर पेरूत."

त्यात सगळं नीट होईल असं आश्वासन कुठंच नसतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी कुणाच्या तरी ओसरीवर गोणपाट भिजवलेला असतो, आणि उरल्यासुरल्या बियाण्यातले शंभर दाणे पुन्हा ओळीत मांडले जात असतात.